आईच्या मोबाईलवरचा बल्ब

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला एक ताई तक्रार घेऊनच आली. "पोरगी सातवीत आहे. माझा मोबाईल सोडत नाही. म्हणते अभ्यास करते, दिसतो मात्र खेळ." मी पोरीला म्हटलं, दाखव बघू.

तिने बोटाने ओढून सेल, वायर, बल्ब जोडले. बल्ब लागला. एकामागे दुसरा सेल लावला, उजेड वाढला. मग बल्ब काढून नुसती वायर सेलच्या दोन्ही टोकांना लावली, तर सेलने पेटच घेतला! ताई दचकली. "शॉर्टसर्किट म्हणतात ते हेच का गं?" हेच. घरातल्या वायरीवर असले प्रयोग करायचे नाहीत. इथे शंभरदा जाळा.

याचं नाव फेट. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे सुरू केलं. फुकट आहे, बरेचसे प्रयोग मराठीतही आहेत. रेंजचं रडगाणं आपल्याकडे ठरलेलंच, पण प्रयोग एकदा डाउनलोड केला की नेटशिवायही चालतो.

नुसतं बोट फिरवलं तर मात्र तो खेळच. आधी विचारायचं, आता काय होईल? मग करून बघायचं. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. ती ताई चौथी शिकलेली. परवा भाकरी थापता थापता पोरीला म्हणाली, "एकाच सेलवर दोन बल्ब एकामागे एक लाव. मंद लागतील बघ."

पोरीने लावून पाहिले. मंदच लागले.