तबकडीच्या शेवटचं गाणं

एरवी आपण इथे बचत, कर्ज, पापड-मसाले यांवर बोलतो. आज गाण्यांवर बोलायचं आहे, आणि तीही जपानी! आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पुण्यात जपानी शिकते. सुट्टीत आली की चकल्यांच्या ऑर्डरी भरताना ती आम्हाला गाणी ऐकवते आणि अर्थ सांगते. त्यातून आम्हाला भावल्या त्या मियुकी नाकाजिमा.

या बाई १९५२ साली उत्तर जपानात, होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरात जन्मल्या. गाणी स्वतः लिहितात, चाल स्वतः लावतात आणि गातातही स्वतः. १९७५ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. त्याच वर्षी तोक्योच्या जागतिक गीत महोत्सवात ‘जिदाई’ या गाण्याला सर्वोच्च बक्षीस मिळालं. पुढे त्यांची कितीतरी गाणी तिकडे पहिल्या नंबरावर गेली.

पण ती गाजलेली गाणी आज बाजूला ठेवू. त्या काळी एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी वेगळी निघायची. नंबर तिच्यातल्या गाण्याचा लागायचा. मोठ्या तबकडीतली बाकीची गाणी मागेच राहायची. आम्हाला तशा मागे राहिलेल्या दोन गाण्यांबद्दल सांगायचं आहे.

पहिलं ‘फाइतो’. १९८३ सालच्या ‘योकान’ या तबकडीतलं हे अगदी शेवटचं गाणं. शब्द इंग्रजीतल्या ‘फाइट’वरून आलेला, पण जपानात तो धीर देण्यासाठी वापरतात. आपण ‘जोर लाव, हिंमत सोडू नको’ म्हणतो ना, तसा.

या गाण्याचं नातं रेडिओशी आहे. १९७९ ते १९८७ अशी आठ वर्षं मियुकीबाई ‘ऑल नाइट निप्पॉन’ हा कार्यक्रम करत होत्या. सोमवारची मध्यरात्र उलटली की एक ते तीन. गाण्यांत एवढ्या गंभीर असणाऱ्या या बाई रेडिओवर मात्र खळखळून हसायच्या. ऐकणारे त्यांना पत्रं लिहायचे. असं सांगतात, की ‘फाइतो’ अशाच एका पत्रातून आलं.

गाणं सुरू होतं तेच एका मुलीच्या पत्राने. जपानात नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं आहे. ही मुलगी त्यापुढे शिकलेली नाही, म्हणून तिला काम नाकारलंय. तिच्या थरथरत्या अक्षराचीसुद्धा गाण्यात दखल घेतली आहे. पुढे आणखी माणसं येतात. कुणी डोळ्यांदेखत वाईट घडताना भिऊन पळालेलं, कुणी घरच्या धाकाने गाव न सोडता गाडीचं तिकीट तसंच ठेवलेलं. मधूनच नदीत उलटं पोहणारे लहान मासे येतात. कडवी साध्या गिटारवर, खालच्या आवाजात, बोलल्यासारखी म्हटली आहेत. ध्रुवपद आलं की तोच आवाज मोकळा सुटतो. शेवटी त्या मुलीला नोकरी मिळते असं काही गाण्यात नाही. कुणीतरी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, एवढंच आहे.

अर्थ ऐकला तेव्हा आमचे चकल्यांवरचे हात थांबले. आमच्या गटाचं रजिस्टर लिहितात त्या ताई सातवी शिकलेल्या. त्यांच्या हिशेबात आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. तरी एकदा कर्जाच्या कामाला गेलो, तर समोरच्याने त्यांच्याकडे न बघता विचारलं, ‘शिकलेली कुणी नाही का तुमच्यात?’ ताई तेव्हा गप्प बसल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, ‘परत लाव गं.’

हे गाणं अकरा वर्षं तबकडीच्या शेवटी होतं. १९९४ साली ते जाहिरातीतून घराघरांत गेलं आणि दुसऱ्या एका गाण्याच्या जोडीने छोट्या तबकडीवर निघालं. ती तबकडी दहा लाखांवर खपली.

दुसरं गाणं ‘इतो’, म्हणजे धागा. हेही १९९२ सालच्या ‘ईस्ट एशिया’ या तबकडीत शेवटी आहे. ओळखीतल्या एका लग्नासाठी ते लिहिलेलं. दोन माणसं म्हणजे मागावरचे उभे-आडवे धागे, असा त्याचा भाव. ज्यांनी माग पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. पुढे इतर गायकांनी ते गायलं, आणि आज जपानात लग्नांत ते आवर्जून म्हणतात. २०२० साली त्यावरून सिनेमाही निघाला.

दोन्ही गाणी मिळवून ऐका. पहिल्यांदा अर्थाच्या मागे लागू नका, नुसता आवाज ऐका. तो कुठे खाली येतो, कुठे उघडतो, ते बघा. मग कुणाकडून तरी अर्थ समजून घ्या आणि पुन्हा ऐका. आपल्याकडच्या कॅसेटींच्या मागच्या बाजूलाही अशी गाणी असतील, तीही काढा.

आणि एक विनंती. आपल्या या रेडिओलाही पत्र लिहा. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल, शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. लिहिता येत नसेल तर गटाच्या बैठकीला या आणि सांगा. आमच्या रजिस्टरवाल्या ताई लिहून घेतील. पत्र इथे वाचलं जाईल, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.