राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय : लोकवर्गणीचा वारसा



मुंबईत भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान सर्वसामान्यांना ‘राणीची बाग’ या नावाने परिचित आहे. बाहेरगावचा पाहुणा मुलाबाळांसह येतो, प्राणी पाहतो आणि परततो. ही बाग मुळात वनस्पती-उद्यान म्हणून वसली आणि गोरखचिंच, उर्वशी यांसारखे वृक्ष येथे आहेत, याची जाणीव थोड्यांनाच असते. या वृक्षराजीत उभी असलेली डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाची वास्तू मात्र आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. कारण सार्वजनिक ठेवा कसा उभा राहतो, कसा झिजतो आणि कसा सावरतो, हे तिच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

या संग्रहाचा आरंभ इमारतीच्याही आधीचा आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने या प्रांतातील कारागिरीचे व कच्च्या मालाचे नमुने जमविण्यात आले. ते कोटातील बराकीत ठेवले होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. त्यात अनेक वस्तूंची नासधूस झाली. हक्काचे छप्पर नसलेल्या संग्रहाची अशीच परवड होते.

या अनुभवानंतर स्वतंत्र वास्तूच्या कल्पनेने जोर धरला. क्युरेटर डॉ. जॉर्ज बर्डवुड, मुंबईचे थोर नागरिक नाना जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, निष्णात वैद्य आणि प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली.

त्या काळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला अपूर्व भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा सुकाळ होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेअरबाजारही गडगडला. अनेक पेढ्या बुडाल्या, वर्गणीचा ओघ आटला आणि बांधकाम रखडले. त्याच वर्षी नाना शंकरशेट यांचे निधन झाले. पूर्ण झालेली वास्तू त्यांना पाहता आली नाही. पुढे सरकारने भार उचलला आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ दाजीही निवर्तले. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव देण्यात आले, हे उचितच झाले.

बाहेरून युरोपीय अभिजात शैलीची ही इमारत आत बिडाचे कोरीव खांब, उंच सज्जे आणि रंगीत फरशी यांनी नटलेली आहे. मातीच्या प्रतिमा, नकाशे, धातुकाम आणि हस्तकलेचे नमुने येथे जतन केलेले आहेत. कालांतराने वास्तूची दुरवस्था झाली. तेव्हा २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांनी करार करून जीर्णोद्धार हाती घेतला. रंगाच्या पुटांखाली दडलेले छतावरील मूळ नक्षीकाम पुन्हा उजेडात आले. या कार्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

यातून घ्यावयाचा बोध ग्रामीण भागालाही लागू पडतो. जुनी बारव, गढी, चावडी किंवा वीरगळ यांचा नाश बहुधा एका आघाताने होत नाही. दरवर्षीच्या दुर्लक्षाने होतो. छप्पर वेळीच शाकारणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच काढणे आणि जाणकाराच्या सल्ल्यावाचून जुन्या दगडाला रंग वा सिमेंट न फासणे, यासाठी मोठ्या निधीची गरज नसते. ग्रामपंचायतीने अशा वास्तूंची नोंद ठेवावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि अधिकाऱ्यांनी देखभालीची जबाबदारी कोणाची, हे ठरवून द्यावे. वर्गणी देऊन वास्तू उभारणारी पिढी एकदाच येते. ती राखण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीच्या वाट्याला येते आणि आज ते आपल्याकडे आहे.