सहाव्या प्रकरणाचा वाचक



जेम्स जॉइसची ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ ही कादंबरी १९१६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये पुस्तकरूपाने आली. तेव्हापासून तरुण लेखक ती आपलीच कहाणी समजून वाचत आले आहेत. घर, धर्म आणि देश यांची जाळी तोडून स्टीफन डेडलस कलेकडे झेप घेतो, अशी ही विजयगाथा. आपल्याकडे जॉइसचे नाव निघाले की मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’पासून (१९४२) चालत आलेली संज्ञाप्रवाहाची चर्चा सुरू होते, आणि प्रकरणांच्या बांधणीकडे लक्ष जायचे राहून जाते. माझे म्हणणे या बांधणीवरच उभे आहे. विजयगाथा म्हणून केलेले वाचन या कादंबरीला पुरे पडत नाही, आणि तसा पुरावा कादंबरीतच आहे.

कादंबरीची प्रकरणे पाच. पहिल्या प्रकरणात क्लाँगोज वुडच्या निवासी शाळेत कोवळ्या स्टीफनचा चष्मा फुटतो, म्हणून त्याला लिहिण्यातून सूट मिळालेली असते. फादर डोलन त्याला कामचुकार ठरवून दोन्ही तळहातांवर चामड्याची पट्टी मारतात. मुलगा धीर करून लांबलचक बोळातून थेट रेक्टर फादर कॉन्मी यांच्या खोलीत जातो, दाद मागतो आणि बाहेर येतो तेव्हा मुले टोप्या उडवून त्याचा जयजयकार करतात. इथे प्रकरण संपते. दुसऱ्या प्रकरणात वडील घरी सांगतात की रेक्टरांनी हा किस्सा जेवणाच्या टेबलावर सांगितला आणि स्वतः डोलनसह सगळे पोट धरून हसले. मुलाच्या आयुष्यातला पहिला न्याय मोठ्यांच्या लेखी करमणूक ठरतो. पुढेही हेच घडत राहते. दुसरे प्रकरण वेश्येच्या मिठीत संपते आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्याच्या मनात रात्रीच्या जेवणातला मटणाचा रस्सा घोळत असतो. तिसरे पापक्षालनाच्या शांतीत संपते, तर चौथे उघडते ते वारावार वाटून दिलेल्या भक्तीच्या वेळापत्रकाने. चौथ्याच्या अखेरीस समुद्रकाठी पाण्यात उभ्या असलेल्या मुलीला पाहून स्टीफनला आपल्या जन्माचे प्रयोजन गवसते. पान उलटावे तर पाणचट चहाचा तिसरा पेला, तळलेल्या पावाचे तुकडे, कोपराशी गहाणाच्या पावत्यांची पेटी, आणि विद्यापीठात जाणाऱ्या या मुलाची मान घासून देणारी आई.

पाचवे प्रकरण पुन्हा उंचावर संपते. स्टीफन देश सोडायला निघतो, ग्रीक पुराणातल्या महान कारागिराला पिता म्हणून हाक घालतो. मात्र सहावे प्रकरण नाही. चार वेळा उंचीवरून जमिनीवर आणलेल्या वाचकाने त्या प्रकरणाची सुरुवात आता स्वतःच करायची आहे, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मग जॉइस आपल्या नायकाची टर उडवतो काय? ह्यू केनरसारख्या समीक्षकांनी उपरोधाची बाजू जोरकसपणे मांडली आहे. मला ती अर्धीच पटते. मार खाताना आक्रसलेला तळहात, झग्याच्या बाहीची सळसळ, हात जणू दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी त्यांची येणारी कीव, हे ज्याने इतक्या जवळून लिहिले तो हसणाऱ्यांच्या टेबलावर बसलेला नाही. वडील हसले म्हणून अन्याय खोटा ठरत नाही. मुलगा बरोबर होता, फक्त तेवढ्याने जग बदलले नाही. प्रत्येक उन्मेष खरा आहे आणि प्रत्येक उन्मेष अपुरा आहे. या दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवणे ही या कादंबरीची खरी ताकद. आधीच्या ‘स्टीफन हिरो’ या खर्ड्यात लेखक पुष्कळ काही स्वतः बोलून टाकत होता. नव्याने लिहिताना त्याने स्वतःला मागे घेतले आणि निवाडा रचनेवर सोपवला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टीफन परतला, अपयशी ठरला, हे आपल्याला जॉइसच्याच १९२२ च्या ‘युलिसिस’मुळे ठाऊक आहे, तर ते ज्ञान आपण या पुस्तकावर लादत तर नाही ना? तसे नाही, कारण स्टीफनचे अपुरेपण याच पुस्तकात दिसते. सौंदर्यावर अ‍ॅक्वायनसच्या आधाराने पानेच्या पाने बोलणारा हा तरुण सबंध पुस्तकात एकच पूर्ण कविता आपल्यापुढे ठेवतो. तीही घोटीव, धुपाच्या वासाची, त्या काळी सरसकट लिहिली जाई तशी. तिच्यात डब्लिन नाही, गहाणाच्या पावत्या नाहीत, बहीणभावंडे नाहीत. हे सगळे कादंबरीत मात्र आहे. स्टीफनला जे कवितेत आणता येत नाही ते जॉइसने गद्यात आणले, आणि शेवटी ‘डब्लिन १९०४, ट्रिएस्ट १९१४’ अशी नोंद करून त्याला लागलेली दहा वर्षेही छापली.

स्त्रियांना या पुस्तकात आवाज नाही, ही आजच्या वाचकांची तक्रार मला मान्य आहे. किनाऱ्यावरची मुलगी एक शब्दही बोलत नाही. पण पुस्तकाच्या अखेरीस येणाऱ्या स्टीफनच्या डायरीतली शेवटून दुसरी नोंद पाहा. आई त्याचे जुन्या बाजारातून घेतलेले कपडे नीट लावते आहे आणि घरापासून दूर गेल्यावर तरी हृदय म्हणजे काय ते याला कळो, अशी प्रार्थना करते आहे. स्टीफन ते टिपतो, तथास्तु म्हणतो आणि लगेच पुढच्या भव्य वाक्यांकडे वळतो. या प्रार्थनेचे वजन त्याला उमगलेले नाही, लेखकाला उमगलेले आहे. म्हणून समोर बसलेल्या प्राध्यापक मित्रांना एकच विनंती करतो. समुद्रकाठचा तो उतारा वर्गात वाचाल तेव्हा तिथे थांबू नका. पुढच्या प्रकरणाची पहिली दोन पाने त्याच तासाला वाचा.