चाळिशीनंतरची परीक्षा



सॉफ्टवेअरच्या नोकरीत जुन्या पदवीवर फार काळ भागत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी ‘एनपीटीईएल’चा मशीन लर्निंगचा १२ आठवड्यांचा कोर्स केला. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. आता हे कोर्स सरकारच्या ‘स्वयम्’वर असतात. व्याख्यानं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची.

असाइनमेंटला २५ टक्के, पेपरला ७५. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं, गणित सोडवायला बसलं की खरं काय ते कळतं. आपल्या बाई फळा पुसून “आता तू कर” म्हणायच्या ना, तसंच! परीक्षेच्या दिवशी एका मुलीनं मला विचारलं, “मॅडम, माझा नंबर कुठल्या हॉलमध्ये?” मी म्हटलं, “मीही माझा शोधतेय.”

आपल्यापैकी काहीजणींचं शिक्षण बारावीनंतर लग्नामुळे थांबलं. त्यांना मुद्दाम सांगते. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. फी मात्र विचार करून भरावी अशी आहे आणि शिकवणं इंग्रजीत. आपण मराठी माध्यमाचे, सुरुवातीला अडतं. व्हिडिओचा वेग कमी करून दोनदा ऐकायचं.

जेवणानंतर मी दहावी ‘अ’च्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना चौकशी करायची असेल त्यांनी या.