मेंदूच्या लहरी आणि अपस्मार

ज्यास आपण मराठीत फेफरे अथवा अपस्मार म्हणतो आणि इकडे भोपाळच्या बाजूस मिरगी म्हणतात, त्या विकाराइतका गैरसमजांनी वेढलेला विकार क्वचितच आढळेल. कोणी त्यास भूतबाधा मानतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप. रस्त्यात माणूस कोसळला की त्याच्या नाकाशी कांदा किंवा पायताण धरणारे हात आजही पुढे होतात. या विकाराविषयी आपल्याच प्रदेशात कोणते संशोधन झाले, आणि त्यापासून आपण काय बोध घ्यावा, हे आज सांगावयाचे आहे.

मेंदूतील असंख्य पेशी परस्परांशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌संदेशांनी बोलत असतात. जर्मनीतील येना येथील डॉ. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मनुष्याच्या डोक्यावरून या लहरींची नोंद प्रथम घेतली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. हाच तो ईईजी नावाचा आलेख. एरवी वर्गातील मुले आपापसांत कुजबुजतात, तशी या पेशींची स्थिती असते. झटका येतो तेव्हा सगळ्यांनी एकाच तालात ओरडावे, तसे होते. आलेखावरील लहरी उंच व टोकदार होतात.

झटका म्हणजे जमिनीवर कोसळणे, असेच मात्र नव्हे. काही मुले वाचता वाचता मध्येच थांबतात, काही क्षण शून्यात पाहतात आणि जणू काही झालेच नाही अशी पुढे वाचू लागतात. १९३५ साली बोस्टन येथील संशोधकांनी दाखवून दिले की, त्या क्षणी मेंदूत सेकंदास सुमारे तीन या नियमित गतीने एक टोकदार व तिच्यामागून एक संथ अशा लहरी उठत असतात. शिक्षक अशा मुलास बेलक्ष म्हणून शिक्षा करतो, आणि मुलाला आपला अपराधच कळत नाही!

हे आलेख वाचणे सोपे नाही. कित्येकदा नोंद तासन्‌तास, क्वचित काही दिवसही चालते, आणि ती वाचू शकणारे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच असतात. मग या वाचनात गणिताचे साहाय्य का घेऊ नये? इंदूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील वरुण बजाज आणि राम बिलास पचोरी यांनी २०१२ साली या दिशेने केलेले काम प्रसिद्ध झाले. पचोरी यांची अभियांत्रिकीची पदवी भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाची, २००१ सालची. आणि बजाज पुढे भोपाळच्याच मौलाना आझाद राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत अध्यापक झाले.

त्यांची रीत घरगुती दृष्टान्ताने सांगता येईल. मिसळलेले धान्य आपण एकामागून एक चाळण्यांतून काढतो. तद्वत्‌ मेंदूची गुंतागुंतीची लहर चाळून तिच्यातील जलद लहर प्रथम वेगळी करावयाची, नंतर तिच्याहून संथ, मग आणखी संथ. ही चाळण्याची पद्धत नॉर्डेन हुआंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडली होती. बजाज व पचोरी यांनी वेगळ्या झालेल्या प्रत्येक लहरीची उंची आणि गती किती बदलते हे मोजले, आणि त्या मापांवरून झटक्याचा आलेख कोणता व इतर वेळचा कोणता, हे संगणकास ओळखावयास शिकविले.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. या कामासाठी वापरलेले आलेख जर्मनीतील बॉन विद्यापीठाने २००१ साली अभ्यासकांस खुले केलेले होते. प्रत्येक तुकडा अवघा २३.६ सेकंदांचा, आणि डोळ्यांच्या व स्नायूंच्या हालचालींची भेसळ पाहून निवडलेला. रुग्णालयातील मूल डोळे मिचकावते, रडते, कूस बदलते. ती सारी खळबळ आलेखात उतरते. शिवाय दोन झटक्यांमधल्या काळात आलेख निर्दोष दिसला, तरी विकार नाहीच असे ठरत नाही. यंत्र वैद्याच्या डोळ्यांस साहाय्य करील; निदान वैद्यानेच करावयाचे.

परंतु सर्वांत मोठी अडचण गणिताची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांस हा विकार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतील. आपल्या विवाहविषयक कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ साली काढून टाकण्यात आली. तरीही लग्न मोडेल या भयाने मुलीचा आजार लपविला जातो, सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद केल्या जातात, आणि बंद केलेल्या गोळ्यांचे मोल तिला जिवानिशी द्यावे लागू शकते. जे डोके लाजेने घरात दडवून ठेवले, त्याची लहर कोणते यंत्र वाचणार?

म्हणून, श्रोतेहो, एवढे ध्यानी ठेवावे. झटका आलेल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. आणि तो शुद्धीवर आला म्हणजे, भोवती जमलेल्या गर्दीस दूर सारून, त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे.