दूरच्या सहकाऱ्यांना सोबत घेताना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



माझे वडील कुवेतला नोकरीला होते. कोकणातील आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. दोन वर्षांतून एकदा ते गावी येत. एरवी घराचा कारभार त्यांच्या पत्रांवर चाले. त्या पत्रांत तीन गोष्टी हमखास असत. पाठवलेल्या पैशातून काय काय करायचे ते स्पष्ट लिहिलेले असे. आम्हा प्रत्येक भावंडाला नावाने एकेक प्रश्न विचारलेला असे. आणि शेवटी आईसाठी एक वाक्य असे : 'तू तिथे आहेस, तुला योग्य वाटेल तसे कर.'

आज मला बोलायचे आहे ते दूर बसलेल्या माणसांकडून काम कसे करून घ्यावे, यावर. हा विषय फक्त मोठ्या साहेबांचा आहे असे समजू नका. संगणक आणि मोबाईलमुळे आज आपल्या वस्तीतील मुले-मुली घरी बसून दूरच्या शहरातील कार्यालयाचे काम करतात. उद्या त्यांच्यापैकीच काहीजण अशा कामाचे प्रमुख होतील.

आधी माझी चूक सांगतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा मी मुंबईतील एका कार्यालयात हिशेब विभागाचा प्रमुख होतो. बाराजण बारा घरांत जाऊन बसले. माणसे डोळ्यांसमोर नाहीत, म्हणजे काम होत नसणार, ही शंका माझ्या मनात शिरली. मी तासातासाला फोन करू लागलो. दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्याचा हुकूम काढला. भिवंडीची एक मुलगी कॅमेरा लावीत नसे, दिवसा फोनही उचलत नसे. मी तिला काढून टाकण्याची नोटीस तयार केली.

पाठवण्यापूर्वी एकदा बोलून घ्यावे म्हणून एका संध्याकाळी फोन केला. ती शांतपणे म्हणाली, ''सर, माझे एखादे काम वेळेवर आले नाही, असे कधी झाले आहे का?'' मी तारखा काढून पाहिल्या. एकदाही झाले नव्हते. दोन खोल्यांचे घर, त्यात सातजण, आणि तिच्याच फोनवर धाकट्या भावांचे वर्ग. रमजानचे दिवस होते. घर झोपले की ती कामाला बसे आणि सहेरीपर्यंत करी. मी तिचा कॅमेरा पाहत होतो, काम पाहिलेच नव्हते. ती नोटीस मी फाडून टाकली. वडिलांची पत्रे मला त्या रात्री आठवली.

मित्रहो, ही विद्या आपल्याकडे नवीन नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. तीच आजची लिज्जत पापडची संस्था. या संस्थेच्या हजारो भगिनी वेगवेगळ्या घरांत बसून पापड लाटतात, आणि तरी चव एकच राहते. हे कसे साधते? सकाळी केंद्रावर मळलेले पीठ मिळते. ते घरी नेऊन लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. तिथे वजन होते, पापड तपासले जातात आणि कामाचा मोबदला मिळतो. कोणी किती वाजता लाटले, मूल मांडीवर घेऊन लाटले का, हे कोणी विचारीत नाही. मात्र माल चांगलाच हवा, यात तडजोड नाही.

आणखी एक पाहा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली. प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच अडचण नीट कळते, म्हणून त्याला विचारले पाहिजे. तिथे शाखेची प्रमुख भगिनींमधूनच येते, यातले मर्मही हेच. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पण काम घरी असले तरी त्या भगिनी केंद्रावर एकमेकींना भेटतात, हे विसरू नका. अंतराचा तोटा असतोच. नवा माणूस शेजारच्याचे पाहून शिकतो, ते घरी बसून होत नाही. एकटेपणाही येतो. म्हणून पुढे आम्ही नियम बदलले. सोमवारी प्रत्येकाला त्याचे काम तारखेसह लेखी द्यायचे. दुपारचे दोनच तास सर्वांनी बोलण्यासाठी राखायचे. बाकी वेळ ज्याचा त्याचा. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी मी स्वतः बोलायचे आणि पहिला प्रश्न विचारायचा : 'अडते कुठे?' नव्या माणसाला जुन्याची जोड द्यायची. चांगल्या कामाचे कौतुक सर्वांसमोर करायचे, चूक मात्र एकट्याला सांगायची. भिवंडीची ती मुलगी आज सहाजणांचे काम सांभाळते.

विद्यार्थ्यांनो, विश्वास फुकट मिळत नाही. काम वेळेत होणार नसेल तर मुदत संपण्यापूर्वी कळवा. आपले म्हणणे चार ओळींत स्वच्छ लिहायला शिका; दूरच्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नाही, तुमची भाषा दिसते.

आणि पालकांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. घरात संगणकापुढे बसलेली मुलगी 'घरीच तर आहे' असे म्हणू नका. ती कामावर आहे. पाहुणे आले म्हणून तिला चहाला उठवू नका. तिला एक कोपरा आणि ठरलेले काही तास द्या. तिच्या साहेबाने काय करावे ते मी सांगितले. अर्धे काम तुमच्या हातात आहे.

माझ्या वडिलांना व्यवस्थापन हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्यांचे पत्र आले की आम्हा पाचही भावंडांना वाटे, आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे आणि आपल्यावर कोणाचा तरी भरवसा आहे. दूरच्या माणसाला एवढे वाटू लागले, की पुढचे काम तो स्वतःच करतो.