नाक एक, कारणं दोन

'डॉक्टर, मला सायनस आहे' असं सांगत रोज कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. तसे सायनस सगळ्यांनाच असतात. कपाळाच्या, गालांच्या आणि नाकालगतच्या हाडांतल्या या हवेच्या पोकळ्या. त्यांच्या अस्तराची सूज बारा आठवडे उलटले तरी हटली नाही, की आम्ही त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतो.

पुष्कळांच्या बाबतीत यामागे ॲलर्जीचा हात असतो. गादी-उशीतल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, बुरशी, गाजरगवताचे परागकण. (हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५०च्या दशकात. हा मान आपल्याला नसता मिळाला तरी चाललं असतं!) अस्तर फुगतं, पोकळ्यांची अरुंद तोंडं बंद होतात, आतला स्राव साचतो. सटासट शिंका, नाकाला खाज, डोळ्यांना पाणी ही ओळखीची लक्षणं. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं यांनी बराच आराम पडतो. पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या.

पण काहींचं दुखणं निराळं असतं. साताऱ्याकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या. खडूच्या धुळीची ॲलर्जी, असंच सगळे सांगत. दोन शस्त्रक्रिया झालेल्या, तरी अँटिबायोटिक थांबलं की पंधरा दिवसांत पुन्हा पिवळा शेंबूड. ॲलर्जीच्या चाचणीत काही निघालं नाही. न्यूमोनिया कधी झाला होता का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "दोनदा. पण तो छातीचा, तुम्ही तर नाकाचे डॉक्टर!"

रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन्स तपासली. जंतूंशी लढणारी ही प्रथिनं त्यांच्यात फारच कमी होती. असा दोष पहिल्यांदा १९५२ साली अमेरिकेत डॉ. ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलात दाखवला. दोष जन्मजातच असेल असं नाही. एक प्रकार तिशी-चाळिशीतही उघड होतो. वेळेवर कळला नाही तर फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या रुंदावतात, आणि मग त्या पूर्ववत होत नाहीत.

रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेली इम्युनोग्लोब्युलिन्स शिरेतून, साधारण तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागतात, बहुधा जन्मभर. उपचार महागडा आहे. तपासणी मात्र साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. सायनसबरोबर वारंवार न्यूमोनिया किंवा कान वाहणं असेल, तर ती करून घ्यायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.